तीन राजधान्या, एक नदी आणि घराचा हप्ता

बँकेच्या गृहकर्ज विभागात मी सव्वीस वर्षं काढली. त्यामुळे परगावी गेले की इतर लोक देवळं बघतात आणि माझं लक्ष खिडक्यांकडे जातं. घर स्वतःचं की भाड्याचं, हप्ता किती, तारण काय? ऑक्टोबर २०२५मध्ये मी आणि नवरा अकरा दिवस व्हिएन्ना (ऑस्ट्रिया), ब्रातिस्लावा (स्लोव्हाकिया) आणि बुडापेस्ट (हंगेरी) असं रेल्वेनं फिरलो, तेव्हाही ही खोड गेली नाही. तिन्ही राजधान्या डॅन्यूबच्या काठी, आणि १९१८पर्यंत एकाच साम्राज्यातल्या. व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा साधारण ६० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळा.

आधी व्हिसाचं. तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्यामुळे एकच व्हिसा पुरतो. जिथे जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. आमच्या बाबतीत ऑस्ट्रिया. शुल्क माणशी ९० युरो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. १२ ऑक्टोबर २०२५पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. पहिल्या वेळी रांगेत जास्त वेळ जाणार हे धरूनच पुढची गाडी ठरवा.

व्हिएन्नात भाचा नोकरी करतो. माझी बहीण त्याला दर फोनला विचारते, "अजून भाड्यानंच?" मीही तोच प्रश्न घेऊन गेले होते. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "मावशी, राजवाडा उद्या बघ. आज तुझ्या कामाची जागा दाखवतो." यू-४ मेट्रोनं हायलिगेनश्टाटला उतरलो आणि समोर कार्ल-मार्क्स-होफ. १९२७ ते १९३० या काळात नगरपालिकेनं बांधलेली ही वसाहत १ किलोमीटरहून लांब आहे. घरं १,३८२. जागेचा पाचवा हिस्सासुद्धा बांधकामाखाली नाही, बाकी सगळी अंगणं आणि झाडं. पैसा कुठून आला? १९२३मध्ये ह्युगो ब्राइटनर या नगर-अर्थमंत्र्यानं घरांवर कर बसवला: घर जितकं मोठं तितका दर चढा. व्हिएन्नातल्या अशा जुन्या इमारतींवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही या करातून बांधली. आमच्याकडे कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असतं, इथे कराचं!

मुंबईतल्या बीडीडी चाळी याच दशकातल्या. तिथे १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्याला मिळून संडास; इथे कामगाराच्या घरात स्वतंत्र संडास, बऱ्याच घरांना बाल्कनी, खाली धुलाईघर आणि बालवाडी. नुसतं कौतुक करायला मी गेले नव्हते, पण जिन्यात उभी राहून हिशेब केला तेव्हा गप्प झाले. १९३४च्या फेब्रुवारीतल्या यादवीत सरकारी सैन्यानं याच भिंतींवर तोफा डागल्या होत्या. जुन्या धुलाईघरात छोटं संग्रहालय आहे, ते गुरुवारी आणि रविवारी दुपारीच उघडं असतं, त्याप्रमाणे दिवस ठरवा.

आजही शहराच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरं आहेत. नगरपालिकेची आणि अनुदानित अशी दोन्ही धरली तर निम्मं शहर त्यांत राहतं. उत्पन्नाची मर्यादा फक्त आत शिरताना बघतात. पुढे पगार वाढला म्हणून कुणी बाहेर काढत नाही. सोबत राहणाऱ्या मुलांकडे भाडेपट्टा जाऊ शकतो, हे ऐकून मला पागडीची आठवण झाली. पण भाच्याला यातलं काही मिळत नाही. शहरात दोन वर्षं एकाच पत्त्यावर राहिल्याची अट आहे, आणि युरोपीय संघाचे नागरिकत्व नसेल तर कायम वास्तव्याचा परवाना लागतो. तो खासगी घरात तीन वर्षांच्या करारावर राहतो, दर वेळी नवं भाडं. म्हणजे आतल्यांची चंगळ आणि बाहेरच्याची धावपळ, हेही खरं. २०२४च्या राष्ट्रीय निवडणुकीत स्थलांतरविरोधी फ्रीडम पार्टी पहिली आली. तीन पक्षांनी एकत्र येऊन तिला सत्तेबाहेर ठेवलं. व्हिएन्ना शहरात मात्र १९४५पासून सत्ता समाजवाद्यांचीच.

एक व्यवहाराची गोष्ट: रविवारी दुकानं बंद. दूध-ब्रेड शनिवारीच आणा, नाहीतर मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान गाठा. नळाचं पाणी थेट आल्प्सच्या झऱ्यांचं आहे, बाटली विकत घेऊ नका.

ब्रातिस्लावाला गाडीनं साधारण तासभर. तिकीट काढताना बघा, गाडी मुख्य स्टेशनला जाते की नदीपलीकडच्या पेट्रझाल्काला. आम्ही पेट्रझाल्काला उतरलो ते बरंच झालं. साम्यवादी काळातल्या काँक्रीटच्या तयार भिंतींच्या इमारती, सुमारे लाखभर वस्ती. तेव्हा सीमेवरची तारेची कुंपणं इथून अगदी जवळ होती. १९८९मध्ये ती राजवट पडल्यावर सरकारनं ही घरं राहणाऱ्यांनाच कवडीमोलानं विकली. म्हणून आज स्लोव्हाकियात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक स्वतःच्या घरात राहतात, आणि कितीतरी श्रीमंत ऑस्ट्रियात जेमतेम निम्मे. मालकी म्हणजे सुबत्ता, हे मी सव्वीस वर्षं ग्राहकांना सांगत आले होते.

पण नव्या पिढीला असं स्वस्तात घर मिळालेलं नाही आणि राजधानीतल्या किमती भडकलेल्या. मग सीमेपलीकडचं किट्झे हे ऑस्ट्रियन खेडं स्लोव्हाक कुटुंबांनी भरलं: घर ऑस्ट्रियात, नोकरी ब्रातिस्लावात. उलट दिशेनं स्लोव्हाक बायका ऑस्ट्रियन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला जातात, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. स्लोव्हाकियात २००९पासून युरो आहे, त्यामुळे पैसे बदलायचे नाहीत. शाकाहारी असाल तर 'ब्रिंझोवे हालुश्की' (चीज घातलेले बटाट्याचे छोटे गोळे) मागवताना वरचं डुकराचं मांस नको म्हणून आधीच सांगा. जुनं गाव दोन तासांत होतं, सुंदर आहे.

बुडापेस्टला जाताना उजवीकडची खिडकी धरा. एस्टरगोमचं मोठं चर्च आणि मग डॅन्यूबचं वळण त्याच बाजूला दिसतं. साधारण अडीच तास. उपाहाराच्या डब्यात बसून गेलो, त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

हंगेरीत चलन फोरिंट. एटीएम 'तुमच्या चलनात रक्कम दाखवू का' असं प्रेमानं विचारतं. नाही म्हणा, ते दर महाग असतात. कागदी तिकीट मेट्रोत शिरण्याआधी यंत्रात छापून घ्या, तपासनीस फार कडक. एक नंबरची पिवळी मेट्रो १८९६ची, तिच्यात एकदा बसाच. विक्रीकर २७ टक्के आहे, युरोपीय संघात सर्वांत जास्त, तेव्हा 'पूर्व युरोप म्हणजे स्वस्त' हे डोक्यातून काढा.

घराची गोष्ट इथे सर्वांत कडू. मालकी इथेही नव्वद टक्क्यांवर. २००८च्या आधी बँकांनी लोकांना स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जं दिली, कारण व्याज कमी. मग फोरिंट कोसळला आणि पगार फोरिंटमध्येच राहिला. हप्ते फुगत गेले. २०१०मध्ये सत्तेत आलेल्या पंतप्रधान ओर्बान यांच्या सरकारनं पुढे ही कर्जं फोरिंटमध्ये बदलून घेतली आणि त्याचं राजकीय श्रेयही घेतलं. आम्ही गेलो तेव्हा निवडणुकीची हवा तापत होती, आणि १ सप्टेंबरपासून पहिल्या घरासाठी ३ टक्के व्याजाचं सरकारी कर्ज सुरू झालेलं होतं. तीन टक्के! मी नवऱ्याला म्हटलं, इतक्या स्वस्त कर्जानं किमती वाढतात, मग घेणाऱ्याच्या हाती काय राहतं? तो म्हणाला, "तू निवृत्त झालीयेस." २३ ऑक्टोबर हा १९५६च्या उठावाचा स्मृतिदिन. त्या दिवशी ओर्बान आणि विरोधक पेतेर मज्यार या दोघांचे प्रचंड मेळावे एकाच शहरात होते. आम्ही कडेकडेनं हॉटेलवर परतलो. दुकानं बंद होती, आदल्या दिवशीची फळं कामी आली.

राहण्यासाठी सहाव्या वॉर्डात कुणाचा फ्लॅट चार दिवसांसाठी घ्यायचा विचार असेल तर सोडा. तिथल्या रहिवाशांनी २०२४मध्ये मतदान करून अशा भाड्यावर १ जानेवारी २०२६पासून बंदी आणली आहे. शेजारी बॅगा ओढत रोज नवे लोक आले तर मीही तेच मत दिलं असतं.

परतीच्या गाडीत पासपोर्ट हाताशी ठेवा. ऑस्ट्रियानं हंगेरीच्या सीमेवर २०१५पासून तपासणी ठेवली आहे. आमच्या डब्यात दोन पोलीस आले, बघून गेले.

शेवटी बाटलीचं राहिलं. तिन्ही देशांत प्लॅस्टिकच्या बाटलीवर अनामत घेतात: ऑस्ट्रियात २५ सेंट, स्लोव्हाकियात १५, हंगेरीत ५० फोरिंट. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की पैसे परत. मी बुडापेस्टची बाटली पिशवीत घालून व्हिएन्नाच्या यंत्रात सरकवली, यंत्रानं ती बाहेर ढकलली. पुन्हा सरकवली, पुन्हा बाहेर. मागे रांग होती, भाचा दुसरीकडेच बघत होता. ती बाटली आता पुण्यात आहे, तुळशीला पाणी घालायला.