भात्यावरचा हात

२ जुलै

पियानोच्या क्लासचा पाचवा आठवडा. आज सर म्हणाले, "काकू, उजवा हात गातोय तुमचा, पण डावा घाबरलाय."

घाबरणारच. चाळीस वर्षं मी पेटी वाजवली आणि एवढ्या वर्षांत डाव्या हातानं एक सूर वाजवलेला नाही. त्याच्याकडे भाता. उजव्यानं गायकाच्या मागे धावायचं, डाव्यानं वारा पुरवायचा, अशी वाटणी बाबांनी मी बारा वर्षांची असताना लावून दिली ती आजपर्यंत तशीच. त्यामुळे सरांनी "डावी करंगळी, पाच नंबर" म्हटलं की मला आधी खाली बघावं लागतं. त्यात दोन्ही हातांचा अंगठा एक नंबर आणि करंगळी पाच. म्हणजे उजवा हात चढताना एक-दोन-तीन म्हणतो, तर डावा त्याच सुरांवर पाच-चार-तीन. दोन्ही हात एकत्र वाजवायला घेतले की डावा मुकाट्यानं उजव्याची नक्कल करायला लागतो.

आज घरी फक्त डावा. वीस मिनिटं. मनगट भरून आलं.

५ जुलै

सर मूळचे मडगावचे. गोव्यात पूर्वी चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यांचे आजोबा तसे शिकले. त्यामुळे सर मधूनच दो-रे-मी म्हणतात आणि मी मनात सा-रे-ग धरते. मला वाटलं, एकच आहे की हे. तसं नाही. त्यांचा दो जागचा हलत नाही, तो म्हणजे कायम पांढरी एक ही पट्टी. माझा सा गाणाऱ्याबरोबर हलतो. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी पांढरी चारमध्ये, जिथे गळा बसेल तिथे सा. सरांनी सूर सांगितला की मी आधी विचारते, सा कुठे धरायचा? आणि ते म्हणतात, काकू, कागदावर आहे तिथेच.

या एका गोष्टीनं मला वाचनाचा जो त्रास होतोय तो पाश्चात्त्य लिपीतल्या पाच रेघांनी होत नाही. भातखंड्यांच्या लिपीत, म्हणजे आपल्या सा-रे-ग लिहिण्याच्या पद्धतीत, सूर आणि त्याचं नातं एकत्र लिहिलेलं असतं. इथे कागद फक्त जागा सांगतो, नातं आपण ओळखायचं.

८ जुलै

रात्री हेडफोन लावून बसले. मला स्पष्ट ऐकू येत होतं, घरात मात्र नुसती लाकडावर बोटं आपटल्यासारखी ठक ठक. हे उठून बघून गेले.

पट्ट्या जड आहेत. ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, आणि पेटीच्या पट्टीपेक्षा रुंद. माझा डिजिटल आहे, पण जडपणा खऱ्या पियानोसारखा ठेवलाय. खऱ्यात प्रत्येक पट्टीमागे हातोडी असते, ती तारेवर आदळून ताबडतोब मागे येते. ही युक्ती १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं बसवली. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची. बोट अलगद टाका की जोरानं, आवाज जवळपास तेवढाच. हातोडीनं हळू आणि मोठा हा फरक बोटात आणला.

पण एकदा वाजला की सूर आपल्या हातातून गेला. तो विरतच जाणार. पेटीवर सूर धरून ठेवता येतो, मध्येच फुलवता येतो, वारा आहे तोवर तो जिवंत. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून तीसएक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं, हे बाबा शेवटपर्यंत विसरले नाहीत. मींड पियानोतही नाही. पण बाबांना पियानोत श्वास नाही हे जास्त खटकलं असतं. मला खटकतंय.

१४ जुलै

आज एक सापडलं, लिहून ठेवते.

सरांनी जी मेजरचा मिन्युएट, म्हणजे नाचाचा एक छोटा तुकडा, दिलाय. जर्मन संगीतकार बाखनं आपल्या बायकोला, आना माग्दालेनाला दिलेली एक वही होती, १७२५ ची, त्यातला. वर्षानुवर्षं तो बाखचाच समजला जायचा. तो ड्रेस्डेनच्या ख्रिश्चन पेट्झोल्ड नावाच्या ऑर्गनवादकाचा आहे हे विसाव्या शतकात उलगडलं. तीनच्या लयीत, एक-दोन-तीन.

जी म्हणजे पांढरी पाच. भजनी मंडळात आम्ही पांढरी पाचमध्येच गातो. मग मी सरांचं न ऐकता पांढरी पाचला सा धरला आणि उजवा हात वाचला: प, सारेगम, प सा सा. हे मला लगेच आलं. नी काळी तीनवर, बाकी सगळं पांढऱ्यांवर.

मग डावा हात वाचला. पहिल्या बारात, म्हणजे पहिल्या तीन मात्रांत, सा, शेवटच्या मात्रेला रे. दुसऱ्यात ग, तिन्ही मात्रा. तिसऱ्यात म. चौथ्यात ग. पाचव्यात रे. सहाव्यात सा.

सा रे ग म ग रे सा!

मी खुर्चीत बसून राहिले. वर एवढी लगबग चाललेली आणि खाली एक जण संथपणे चढतोय आणि उतरतोय. बाबांनी मला पहिल्या दिवशी दिलेले सूर हेच. मी सहा आठवडे त्या ओळीला गणितासारखं मोजत होते, ती गाऊन बघितलीच नाही. आज गायले. उजव्या हातानं मिन्युएट आणि गळ्यानं डाव्या हाताची ओळ. चार वेळा चुकलं, पाचव्यांदा जमलं.

२५ जुलै

एकादशी. मंडळाचं भजन, तीन तास पेटी. पंधरा दिवसांनी पेटीला हात लावला, पट्ट्या कागदासारख्या हलक्या वाटल्या.

रूपाचा अभंग सुरू झाला आणि माझं लक्ष आपोआप डाव्या हाताकडे गेलं. याआधी कधी गेलं नव्हतं. आमच्या मोठ्या ताई ओळ संपवून श्वास घेतात तिथे तो आधीच सैल पडलेला असतो. त्या वर चढायच्या बेतात असल्या की तो अर्धी मात्रा आधी भाता भरून घेतो. टाळ वाढले की जोर लावतो, एकटा गळा उरला की जवळजवळ थांबतो. मी त्याला काहीच सांगत नव्हते. कुठे हळू, कुठे मोठं, ओळ कुठे संपते, हे सगळं त्याच्याकडे होतं. उजव्याला फक्त सूर माहीत.

घरी यायला अकरा वाजले. उपासाचं काही न खाताच पियानोशी बसले.

डावा हात एकटा. बोटांचे नंबर मनातून काढून टाकले. सा वर भाता थोडा भरला, रे वर अजून, म पर्यंत नेला, आणि उतरताना सैल सोडत आणला. बोटंच खाली जात होती, पण मनगट तसंच हललं जसं मघाशी हललं होतं. सूर विरत होता, तरी पुढचा सूर त्याच्या विरण्यातून निघाल्यासारखा लागला.

मग उजवा त्यावर ठेवला. पहिले आठ बार, दोन्ही हात, न थांबता. सातव्या बारात डाव्यानं दुसरीच पट्टी दाबली. तिथे ओळ प, ग, सा अशी मोडते, तिचा अजून सराव नाही.

हे जागे होते. म्हणाले, आज ठक ठक वेगळी येत होती.