कच्च्या पालकाचा रस आणि मुतखडा

गेल्या वर्षी सात महिने मी रोज सकाळी उपाशीपोटी कच्च्या पालकाच्या रसाचा मोठा पेला घेत होतो. आठव्या महिन्यात एका पहाटे डाव्या कुशीतून जांघेपर्यंत अशी कळ उठली की बसवेना, झोपवेना. सोनोग्राफीत मुतखडा दिसला आणि पडलेला खडा तपासल्यावर तो कॅल्शियम ऑक्झलेटचा, म्हणजे कॅल्शियम आणि काही भाज्यांत नैसर्गिकपणे असणारे ऑक्झलेट हे द्रव्य मिळून बनलेला, निघाला. डॉक्टरांनी आहाराची चौकशी केली, तेव्हा मी तो रस मोठ्या अभिमानाने सांगितला, त्यांनी लिहिणे थांबवून विचारले, "एका पेल्यात पालक किती?"

मी कधी मोजलाच नव्हता. घरी येऊन वजन केले, तर पाव किलो भरला.

शंभर ग्रॅम कच्च्या पालकात बहुधा ५०० मिलिग्रॅमहून अधिक ऑक्झलेट असते, आणि असे खडे होणाऱ्यांना ते दिवसभरात १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. पालक खाल्ल्यावर दातांवर जो खरखरीतपणा जाणवतो, तोही याच ऑक्झलेटमुळे. पाव किलो पाने चावून खाणे कुणालाही जड जाईल, परंतु मिक्सरमध्ये ती क्षणात मावतात आणि दोन घोटांत पोटात जातात. रसाचा खरा धोका मला इथेच दिसतो.

उपाशीपोटी घेण्याने त्यात भर पडली. जेवणात दूध किंवा दही असेल, तर त्यातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते शौचावाटे निघून जाते. तसे काही नसेल, तर मोकळे ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन मूत्रपिंडाकडे येते. म्हणूनच खड्याच्या भीतीने दूध बंद करणे, जे मी पहिल्याच दिवशी करायला निघालो होतो, उलट अपायकारक ठरू शकते. मूत्रपिंड आधीच दुबळे असेल किंवा पोटाची बायपास शस्त्रक्रिया झालेली असेल, तर असा रस मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत नेऊ शकतो. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. पालकात के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते या औषधाचा परिणाम कमी करते, त्यामुळे पालकाचे प्रमाण एकाएकी वाढवू नये आणि एकाएकी तोडूही नये.

मी पालक सोडलेला नाही. आता तो भरपूर पाण्यात उकळतो आणि ते हिरवे पाणी, जीवावर आले तरी, ओतून देतो, कारण विरघळणारे बरेचसे ऑक्झलेट त्यातच उतरलेले असते. मूठभर उरलेली भाजी दह्याबरोबर खातो आणि दिवसभर पाणी पीत राहतो. चोवीस तासांच्या लघवीची तपासणी दोन महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हा ऑक्झलेटचा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली आला होता.