एकूण किती?

आमची साडेतीन वर्षांची नात एक ते पन्नास अंक एका दमात म्हणते आणि घरातले सगळे कौतुकाने टाळ्या वाजवतात. मागच्या महिन्यात जेवणाची पाने घेताना मी तिला म्हटले, "मला चार वाट्या दे बरं." तिने दोन्ही हातांत मावल्या तेवढ्या वाट्या आणून ठेवल्या. मोजायला सांगितल्यावर एकेका वाटीला बोट लावत तिने सहापर्यंत अगदी बरोबर मोजले, पण "मग एकूण किती?" असे विचारताच ती पुन्हा एकपासून मोजू लागली.

यात तिचे काही चुकलेले नाही. अंकांची नावे पाठ होणे आणि मोजताना शेवटी उच्चारलेला अंक हीच त्या सगळ्या वस्तूंची संख्या आहे हे उमगणे, या दोहोंमध्ये मुलांचे बरेच महिने जातात. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की मूल आधी मागितल्यावर 'एक' वस्तू बिनचूक देऊ लागते, मग काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', आणि त्यानंतर केव्हातरी मोजण्याचे मर्मच त्याच्या हाती लागते.

हा काळ बहुतांशी घरात जातो. शिकागो विद्यापीठातील सुझन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी ४४ मुलांच्या घरी, मुले १४ ते ३० महिन्यांची असताना, दीड-दीड तासाच्या पाच भेटी दिल्या. तेवढ्या वेळात कुणा पालकांच्या तोंडी संख्याशब्द जेमतेम चार वेळा आले, तर कुणाच्या तोंडी २५७ वेळा. ज्यांच्या कानांवर ते अधिक पडले, त्या मुलांना पुढे चार वर्षांची होत आली असताना संख्यांचा अर्थ अधिक चांगला कळत होता. २०११ साली त्याच गटाने आणखी बारकाईने पाहिले, तेव्हा मुलासमोर प्रत्यक्ष असलेल्या वस्तूंविषयीचे, त्यातही चार ते दहा वस्तूंविषयीचे बोलणे विशेष महत्त्वाचे दिसले. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, हे मान्य करूनही मला तो पटतो, कारण आपण मुलांकडून शंभरपर्यंत अंक घोकून घेतो, पण ताटातल्या सात भेंड्या त्यांच्याबरोबर मोजायला बसत नाही.

खेळाचेही तसेच आहे. रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी यांनी गरीब कुटुंबांतल्या मुलांना एक ते दहा अंकांच्या सरळ पट्टीवरचा खेळ पंधरा-पंधरा मिनिटे, दोन आठवड्यांत चार वेळा खेळायला दिला, आणि त्यांची संख्यांची जाण वाढली. रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांची वाढली नाही. आपली सापशिडी दर ओळीला दिशा बदलते, म्हणून मी फरशीवर खडूने दहाच घरे आखली आहेत. चौथ्या घरावरून दोन घरे पुढे जाताना नातीने "एक, दोन" न म्हणता "पाच, सहा" म्हणायचे, एवढाच आमचा नियम.

वाट्या मांडण्याचे काम आता तिच्याकडेच आहे. काल पाच पानांपुढे एकेक वाटी ठेवत ती शेवटच्या पानाशी थांबली, रिकाम्या हातांकडे पाहिले आणि म्हणाली, "आजी, आजोबांची एक राहिली."