पीएचपीच्या नावावर अडलेला प्रस्ताव

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहून मी लहान संस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. गेल्या कापूस हंगामापूर्वी परिसरातील एका शेतकरी उत्पादक कंपनीला काटापावती, ओलाव्यानुसार होणारी कपात आणि शेतकऱ्यांचे चुकारे यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली हवी होती. मी पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून काम करण्याचा प्रस्ताव दिला. मात्र एका संचालकांच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने फोनवरून कळवले की पीएचपी जुनी, संथ आणि असुरक्षित आहे, काम पायथन या दुसऱ्या भाषेतच करून घ्या. आणि तेवढ्यावरच प्रस्ताव बाजूला पडला.

मला याचे फार वाईट वाटले. या आक्षेपाला इतिहास आहे, हे खरे. १९९५ मध्ये लोकांसमोर आलेल्या या भाषेत वापरकर्त्याने भरलेला मजकूर थेट एसक्यूएल क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, जोडण्याची सवय पुढे फोफावली आणि त्या मजकुरातून घुसवलेल्या आज्ञांमुळे अनेक संकेतस्थळे फोडली गेली. परंतु मायएसक्यूएलशी बोलणाऱ्या ज्या जुन्या फंक्शनांभोवती (तयार आज्ञांभोवती) ती सवय वाढली, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकण्यात आली, आणि त्याच आवृत्तीत अनेक कामांचा वेग आधीच्या ५.६ या आवृत्तीच्या तुलनेत सुमारे दुप्पट झाला. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो, ते आजही पीएचपीतच लिहिलेले आहे. शिवाय मजकूर तसाच जोडला, तर पायथनमधला प्रोग्रामही तितकाच असुरक्षित होतो.

मी संचालक मंडळाकडे प्रात्यक्षिकासाठी वेळ मागितला. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, भाषेचं राहू द्या, गाडी काट्यावर आली की पावती किती वेळात निघते ते दाखवा." इतका नेमका प्रश्न तोवर कोणीही विचारला नव्हता. मी नमुन्याच्या भरपूर नोंदी भरून एकाच शेतकऱ्याचा शोध आधी इंडेक्सशिवाय (नोंद पटकन सापडावी म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची) आणि मग इंडेक्स लावून घेतला. वेळ भाषेत नव्हे, डेटाबेसमध्ये जात होता, हे सर्वांनी पडद्यावर पाहिले. आठ टक्क्यांवरील ओलाव्याची कपातही तिथेच करून दाखवली. काट्याच्या इंडिकेटरवरून (वजन दाखवणाऱ्या यंत्रावरून) सिरियल पोर्ट या केबलच्या जोडणीने संगणकात वजन घेण्याचा छोटा प्रोग्राम मात्र मी पायथनमध्येच लिहिला होता, कारण त्या कामासाठी तिथली लायब्ररी (तयार कोडचा संच) मला अधिक सोयीची वाटते.

नंतर त्या पुतण्यालाच कोड वाचायला दिला. पासवर्ड हॅश करून, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात, साठवले आहेत, हे त्याने तपासले आणि मग विचारले, "दादा, उद्या तुम्ही नसलात तर हे कोण सांभाळेल?" माझ्या मते भाषा निवडताना हाच प्रश्न सर्वांत आधी यायला हवा. पीएचपीतच लिहिलेल्या वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या सॉफ्टवेअरची कामे करून पीएचपी शिकलेली मुले आमच्या तालुक्यात आहेत. हे सांगितल्यावर मंडळाने माझा प्रस्ताव मंजूर करण्याचा ठराव केला. संपूर्ण कोड कंपनीकडे राहील आणि पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मर्यादित काळच मिळत असल्याने आवृत्ती बदलण्याचे काम वार्षिक देखभालीत धरले जाईल, या दोन अटी करारात घालण्यात आल्या.