रेडिएशनची तारीख मिळेपर्यंतच्या रात्री

शेवटची केमो झाली तेव्हा घरात सगळे हुश्श झाले. माझी झोप मात्र तिथूनच उडाली. डाव्या स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, आता रेडिएशन बाकी. त्याआधी शरीर सावरायला तीन-चार आठवडे थांबायचं होतं. सध्या काहीच औषध चालू नाही, म्हणजे आजार आत पुन्हा डोकं वर काढत असेल, हा विचार रात्री दोनला हटकून यायचा. त्यात केमोने पाळी बंद झालेली. मानेपासून कानांपर्यंत अचानक आग उसळायची, गाउन भिजायचा, तो बदलून परत पडेपर्यंत झोप पार पळालेली असायची.

पुढे सीटी सिम्युलेशन झालं, म्हणजे रेडिएशन कुठे द्यायचं ते आखण्यासाठीचा स्कॅन. छातीवर शाईच्या खुणा केल्या आणि पुसू देऊ नका म्हणाले. मग कुशीवर वळायचीही धास्ती. सासूबाई मायेने म्हणायच्या, "दुपारी पड गं जरा."

फॉलोअपला शेवटी नवऱ्यानेच विषय काढला, "मॅडम, ही रात्रभर जागी असते." उलट्या, वजन, बीपी सगळं विचारतात, झोपेचं कुणी विचारत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण सांगितल्यावर डॉक्टर मॅडमनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, हा मधला काळ उपचाराचाच भाग आहे. सीटीवर डॉक्टर जागा आखतात, हृदय आणि फुप्फुस कसं वाचवायचं ते बघतात, फिजिसिस्ट डोसचा हिशोब करतात, तो तपासला जातो, मगच मशीनवर घेतात. माझा डोस 40 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), 15 सिटिंगमध्ये. श्वास भरून रोखला की हृदय किरणांपासून लांब सरकतं, म्हणून तो सरावही दिला. हे कळलं आणि दोन वाजताच्या त्या विचाराला उत्तर मिळालं.

झोपेची गोळी मी मागितली होती. त्या म्हणाल्या, आधी सवयी बदलून बघू, दुकानातून परस्पर काही आणू नका. रात्र कशीही जावो, सकाळी सहाला उठायचं. दुपारी आडवं व्हायचं नाही. झोप येत नसेल तर तळमळत पडून न राहता उठायचं. मी स्वयंपाकघरात मंद दिव्यात शेंगा सोलत बसायचे, डोळे जड झाले की परत अंथरुणावर. सुरुवातीला दिवसा फार पेंग यायची, सासूबाईंना ते बघवायचं नाही. हळूहळू सलग चार-पाच तास झोप लागू लागली.

घामाचा त्रास अजून आहे. सुती गाउन उशाशीच ठेवते. सिटिंग सुरू झाल्यावर थकवा आला, तरी सहाचा गजर शनिवार-रविवारीही बंद केला नाही.