डुप्लिकेट स्नॉर्केलवर हात ठेवला तरी गाडी चालूच राहिली

गाडी थार डिझेल, कामानं पावसाळ्यात गडचिरोलीकडे जाणं होतंच. पर्लकोटा नदीला पूर असला की मी थांबतोच, पण मधले छोटे नाले चुकत नाहीत. तरी स्नॉर्केल, म्हणजे इंजिनला लागणारी हवा उंचावरून ओढणारी बाहेरची नळी, बसवायचं पक्कं झालं ते २३ सप्टेंबर २०२३ नंतर. नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, ओळखीतल्या एकानं सकाळी पाण्यातच घाईनं स्टार्टर मारला अन इंजिन गेलं. हवा दाबल्या जाते, पाणी दाबल्या जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑस्ट्रेलियाच्या सफारी कंपनीचं ओरिजनल महाग, त्यामुळे मन डुप्लिकेटकडे गेलं. बसवणारा म्हणे, "भाऊ, काहून एवढे पैसे घालून राहिले, दिसाले तर सेमच आहे." साडेसहा हजारात घेतलं. सोबतचा कागदी टेम्प्लेट फेंडरवर नीट बसेचना, तरी त्यानं अंदाजानं भोक पाडलं, तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं.

मग आला मे. इथलं ऊन पंचेचाळीसच्या आसपास, गाडी दिवसभर उघड्यावर. काळं प्लास्टिक राखाडी पडलं, बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागे. आतले पितळी इन्सर्ट प्लास्टिकमध्ये फिरायला लागले, म्हणून बोल्ट कसताच येईना. स्नॉर्केलच्या डोक्यावर पावसाचं पाणी बाहेर जायच्या ज्या फटी असतात त्या नुसत्या उमटवलेल्या, आरपार नाहीतच!

कामठी रोडचे एक जुने मेकॅनिक काका आहेत, त्यांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, गाडी आयडलवर ठेवली अन तळहातानं स्नॉर्केलचं तोंड गच्च बंद केलं. इंजिन आरामात चालत राहिलं. "हवा दुसरीकडूनच येऊन राहिली बाबा," म्हणाले. फेंडरच्या आतल्या जोडाजवळ हात नेला तर ओढ लागत होती, म्हणजे नाल्यात बोनेटपर्यंत पाणी आलं असतं तर ते तिथूनच सरळ एअरबॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात, गेलं असतं. एवढे महिने मी बायकोला, पोराला घेऊन याच भरवशावर फिरत होतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

ओरिजनल घेतलं. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची, आतून गुळगुळीत. जुनं भोक थोडं सरकलेलं होतं, काकांनी कापलेल्या कडेला गंज लागू नये म्हणून आधी प्रायमर मारला, सगळ्या जोडांना सिलंट, नवे क्लॅम्प, अन एअरबॉक्सचं झाकण अन पाणी गळायचं भोकही तपासलं, कारण तिथून पाणी गेलं तर वरचं स्नॉर्केल कितीही चांगलं असो काय उपयोग. यात अख्खी दुपार गेली.

शेवटी मीच बोनेटजवळ उभा राहून तोंडावर हात दाबला. तळव्याला जोरात ओढ बसली, इंजिन दोनदा हललं अन बंद पडलं.

आता डिफरेन्शियलचे ब्रीदर (अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या डब्याची हवा जायची तोंडं) वर घ्यायचे राहिलेत, मृगाच्या आत करतो. कंपनी थारसाठी ६५० मिमी पाणी सांगते, स्नॉर्केल आहे म्हणून त्याच्या वर मी गाडी नेणार नाही.