परात, पीठ आणि पोस्टमास्तर

आज नववीच्या फिल्मचा शेवटचा शॉट झाला. घरी येऊन चहासुद्धा ठेवला नाही, आधी लिहायला बसले, कारण उद्या परत वह्यांचे गठ्ठे आणि घटक चाचणी, आणि मग हे सगळं धूसर होत जाईल.

गोष्ट टागोरांची, पोस्टमास्तर, १८९१ ची. मुलांना खरं तर पाठ्यपुस्तकातली एक गोष्ट हवी होती पण फिल्म शाळेबाहेर कुठे दाखवायची तर लेखकाची परवानगी लागते, लेखक जाऊन ६० वर्षं होईपर्यंत हक्क त्यांच्या घरच्यांकडेच असतो. टागोर १९४१ ला गेले, त्यांच्या लेखनावरचे हक्क २००१ संपताना सुटले. म्हणून मग मीच ती गोष्ट वर्गात तोंडी सांगितली, दोन तास लागले. कलकत्त्याचा पोरगा खेड्यात पोस्टमास्तर म्हणून येतो, रतन नावाची अनाथ मुलगी त्याचं घरकाम करते, संध्याकाळी त्याच्यासाठी पोळ्या भाजते, तो तिला अक्षरं शिकवतो, आजारी पडतो तेव्हा ती रात्रभर उशाशी बसते, आणि एक दिवस तो नोकरी सोडून निघून जातो. बस, एवढंच. मागच्या बाकावरची पोरं पण हलली नाहीत.

पण पटकथा लिहून आणा म्हटलं तर सहाच्या सहा गटांनी व्हॉइसओव्हर लिहून आणला. "रतनला खूप दुःख झाले." "पोस्टमास्तरांचे मन भरून आले." मी म्हटलं आता लाल पेन घ्या आणि जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते सगळं खोडा. खोडत गेले, खोडत गेले, शेवटी पानावर तीन-चार ओळी उरल्या आणि एक मुलगा अगदी कळवळून म्हणाला, मॅडम मग गोष्टच राहिली नाही की! त्याचं बरोबर होतं. टागोरांचा शेवट सगळा मनातच आहे, नाव नदीत लोटलेली, परत फिरावं असं त्याला वाटतं आणि तो फिरत नाही. हे मोबाईलवर शूट कसं करणार?

म्हणून प्रोजेक्टरवर त्यांना सत्यजित राय यांनी १९६१ साली याच गोष्टीवर केलेल्या फिल्मचा शेवट दाखवला, 'तीन कन्या' या टागोरांच्या तीन गोष्टींवरच्या चित्रपटातला. गोष्टीत रतन पैसे नाकारते, पाया पडते, पळून जाते. फिल्ममधे ती पाण्याची बादली घेऊन त्याच्या समोरून चालत जाते, तो हातात पैसे घेऊन उभा, आणि ती बघत नाही. मग फक्त तिचा आवाज येतो, नव्या मास्तरांना सांगतेय की पाणी आणलंय. वर्गात कोणी बोललंच नाही. जरा वेळानं एक मुलगी हळूच म्हणाली, तिला जड होतंय ना बादली, तरी ती थांबत नाही. मला एवढंच हवं होतं, पुढचं मी काही शिकवलं नाही.

आमच्या फिल्ममधे पोस्टमास्तरचा बदली झालेला सर झाला आणि रतन त्याला दोन्ही वेळची भाकरी नेऊन देणारी शेजारची पोरगी. शेवट मात्र जमेना. कोणी म्हणे एसटीमागे पळू दे, कोणी म्हणे पावसात उभी करू. रतनचं काम करणारी मुलगी गप्पच होती. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ते उन्हाळा लागल्यावर येतात, तोवर ती आणि आजी. मी काही विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, मॅडम, गाडी गेली की आज्जी रडत नाही, सवयीनं सगळ्यांचं पीठ काढते परातीत, मग थांबते, आणि दोन-तीन ओंजळी परत डब्यात टाकते.

हे ऐकून मला काही क्षण काही सुचलंच नाही. इतकी वर्षं भाषा शिकवतेय, हे वाक्य मला सुचलं नसतं.

आज तेच शूट केलं, शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत, सकाळी खिडकीतनं ऊन येतं तेव्हा. पंखा बंद, सगळे दारात श्वास धरून उभे. मी चुकले ते सांगते, मी म्हटलं चेहऱ्याचा एक क्लोजअप घेऊन ठेवू, लागला तर लागला. ती म्हणाली, तोंड नका घेऊ मॅडम, हातच घ्या. आणि कॅमेरा धरलेल्या पोरानं माझ्याकडे न बघता फोन खाली परातीवर नेला. पीठ पडलं, हात थांबला, किती वेळ थांबला कोण जाणे, कट म्हणायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही, मग एक ओंजळ परत, दुसरी ओंजळ परत, झाकण. फोनवर बघितलं तर ४८ सेकंद. एडिटिंग करणाऱ्या दोघी म्हणतायत एक पण सेकंद कापायचा नाही, आणि मी हो म्हटलंय.

फक्त झाकण लावताना मागून मधल्या सुट्टीची घंटा आलीये. शॉट परत नाही घ्यायचा, तेवढा झाकणाचा आवाज उद्या वेगळा रेकॉर्ड करू. डबा ती घरनंच आणणार आहे, आजीचा.